ढब्बूची पूजा

आमच्या घरात वाईट बातमी मोठ्याने सांगायची पद्धत नव्हती. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या आमच्या चाळीत भिंती इतक्या पातळ की शेजारच्या पाटीलकाकूंच्या मिक्सरमध्ये लसूण पडली की खोबरं, हे आम्हाला आवाजावरून कळायचं. मग आमच्या घरातलं त्यांना किती कळत असेल, या धास्तीने आई कायम अर्ध्या आवाजात बोलायची. महत्त्वाचं काही असलं की ती विमानाची वाट पाहायची. विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या पत्र्यावरून जायची, इतकी खाली की मांडणीतली भांडी किणकिणायची, आणि त्या गडगडाटात आई बाबांच्या कानाशी लागून जे काय असेल ते सांगून टाकायची. विमान गेलं की दोघंही गप्प. मला फक्त हललेले ओठ दिसायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत असंच बोलतात.

अशा घरात वाढलेलं मूल चेहरे वाचायला शिकतं. बाबा दारात चपला कशा काढतात, भाकरी थापताना आईचा हात जरा जास्तच जोरात पडतोय का, यावरून मी दिवसाचा अंदाज बांधायचे आणि तो बहुधा वाईटच असायचा. कुकरची शिट्टी लांबली तरी मी उठून गॅसपाशी जाऊन उभी राहायचे. शाळेला निघताना दप्तरातलं पेन मी इतक्यांदा तपासायचे की आई वैतागायची, "अगो, त्येका काय पाय फुटलेत?" मी हसायचे आणि जिन्यात थांबून पुन्हा एकदा तपासायचे. आता एवढं वय झालं, पण घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघायला मी अजूनही परत फिरते. स्वभावाला औषध मिळालं नाही, फक्त त्याला काम मिळालं. ते कसं मिळालं, तेच इथे लिहायचं आहे.

बाबा साकीनाक्याला एका गाळ्यात लेथ चालवायचे. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातणारं यंत्र, हे मला फार लवकर कळलं, कारण बाबा त्याच्याविषयी घरातल्या माणसाविषयी बोलावं तसे बोलायचे. आज तो कुरकुरत होता, आज त्याने मुळीच त्रास दिला नाही. दरवर्षी खंडेनवमीला ते मला गाळ्यात न्यायचे. सगळी यंत्रं धुऊनपुसून ठेवलेली असायची. प्रत्येक यंत्राला हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार आणि समोर नारळ. एकदा पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला कुणी हात लावायचा नाही. ते वर्षभर राबतं, तो एक दिवस त्याचा. दसऱ्याच्या सकाळी पुन्हा फूल वाहायचं आणि मगच बटण दाबायचं. तेलाचा आणि झेंडूचा तो एकत्र वास मला सगळ्या सणांपेक्षा आवडायचा. पूजा करताना बाबांची मान ताठ असायची, एरवी ती तशी नसायची.

मी नववीत गेले त्या पावसाळ्यात तो गाळा बंद झाला. मालकाने जागा विकली, नवी यंत्रं वसईकडे गेली आणि बाबांचा जुना लेथ भंगारात गेला. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आईने पहिल्यांदाच विमानाच्या आवाजात माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "बाबांक कांजूरच्या टॉवरवर वॉचमनचा काम लागला. कोणाक सांगू नको. शाळेत पण नाय." विमान गेलं. बाबा दाराशी पाठमोरे बसून दाढी करत होते. त्या दिवसापासून ते गणवेश पिशवीत घालून न्यायचे, तिकडेच चढवायचे आणि तिकडेच उतरवायचे. संध्याकाळी गॅलरीत बसलेले पाटीलकाका विचारायचे, "काय, साकीनाका काय म्हणतोय?" बाबा म्हणायचे, "चाललंय." मी आत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि तो एक शब्द ऐकून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहायचे. कधी तरी कुणी तरी बाबांना कांजूरला त्या निळ्या टोपीत बघेल, ही भीती मला बाबांपेक्षा जास्त होती.

त्याच सुमारास शाळेत रोबो आला. आमची शाळा साधी, मराठी माध्यमाची. मोडकी बाकं ठेवायची खोली होती, ती रिकामी करून एका माजी विद्यार्थ्याने दिलेले रोबो बनवायचे संच तिथे ठेवले आणि विज्ञानाच्या कांबळे सरांवर ती जबाबदारी टाकली. सर बारीक अंगाचे, कायम चहाचा कप हातात. वर्गात येऊन त्यांनी विचारलं, "वस्तू मोडेल अशी भीती कुणाकुणाला वाटते?" सगळे खो खो हसले. माझा हात मात्र आपोआप अर्धा वर गेला होता, तो खाली घ्यायच्या आत सरांनी पाहिला. "ये तू सायली. मला असा एक माणूस हवाच आहे. नाही तर स्क्रू कोण बघणार?" मला अजून कळत नाही की ते मस्करी करत होते की काय. पण मी गेले.

आम्ही तिघं होतो. प्रज्ञा आमची कॅप्टन, हायवेपलीकडच्या वसाहतीत राहणारी. आवाज असा की ती खोलीत आहे हे खालच्या मजल्यावर कळावं. इरफान प्रोग्राम लिहायचा. त्याच्या अब्बूंचं मोटारींचं गॅरेज होतं आणि तो अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचा. आणि मी, खोलायला आणि जोडायला. आमचा रोबो आखूड आणि रुंद झाला म्हणून प्रज्ञाने त्याचं नाव ढब्बू ठेवलं. ढब्बूने मॅटवरच्या काळ्या रेषेवरून चालायचं, वाटेतला ठोकळा उचलायचा, त्याचा रंग ओळखायचा आणि त्या रंगाच्या खणात नेऊन ठेवायचा. रंग ओळखायला त्याच्या पुढच्या बाजूला एक बारीकशी काच होती, तिच्या आत सेन्सर. आम्ही त्याला डोळा म्हणायचो. ढब्बूचा एकूण एक स्क्रू मी रोज आवळून बघायचे, एकदा, दोनदा, पुन्हा जाताना. घरी ज्या सवयीवरून बोलणी खाल्ली, तिच्यावरून इथे प्रज्ञा सगळ्यांना सांगत सुटायची, "आमच्या सायलीने बघितलंय ना, मग चाक निखळणारच नाही." हे ऐकताना मला कानकोंडं व्हायचं आणि बरंही वाटायचं.

सरांचा नियम एकच होता. काही बिघडलं की आधी मोठ्याने सांगायचं, मग शोधायचं. "लपवलंत तर बाकीचे दोघं नको तिथे शोधत बसतात," ते म्हणायचे. "जो लपवेल तो मॅटवर उभा राहणार नाही." इरफानचा प्रोग्राम चुकला की तो हात वर करून ओरडायचा, "गडबड है!" आणि पहिल्यांदा मी खरोखर दचकले, आता याला बोलणी बसणार म्हणून. कुणी बोललं नाही. प्रज्ञा खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली आणि दोघं स्क्रीनमध्ये डोकं खुपसून शोधायला लागले. एखाद्याचं चुकावं आणि त्याच्या आजूबाजूला माणसं गोळा व्हावीत, हे मी आधी पाहिलंच नव्हतं. तरी मी स्वतः कधी ओरडले नाही. माझं काही चुकलं की मी ते गुपचूप दुरुस्त करायचे. आणि माझं फारसं चुकायचं नाही, कारण मी फार घाबरायचे.

स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती, अंधेरीच्या एका कॉलेजात. अष्टमीला सराव करताना ढब्बूचं उजवं चाक डगमगायला लागलं. नवमीला शाळा बंद. सर म्हणाले, "सायली, घरी ने, नीट आवळ. दसऱ्याला दुपारी शाळेत भेटू, शिपाईमामा खोली उघडतील." मी ढब्बूला टॉवेलात गुंडाळून घरी आणलं आणि रात्रीच चाक आवळून टाकलं. नवमीच्या सकाळी आईने मला झेंडू आणि आंब्याचे डहाळे आणायला खाली बाजारात पाठवलं. बाजारात ही गर्दी. घासाघीस करून, घामाघूम होऊन मी वर आले तेव्हा दारातूनच उदबत्तीचा वास आला.

जमिनीवर पाट मांडले होते. एका पाटावर आईचं शिलाई मशीन, घरची सुरी, विळी, बाबांचा जुना स्पॅनर. दुसऱ्या पाटावर, लाल कापड घालून, एकटा ढब्बू. बाबा अंघोळ करून, स्वच्छ बनियन घालून समोर बसले होते. त्यांनी पूजा अगदी साग्रसंगीत केली होती. दोन्ही चाकांना हळदीची बोटं. वरून अक्षता टाकलेल्या. आंब्याच्या पानाने शिंपडलेलं पाणी अजून त्याच्या पाठीवर चमकत होतं. आणि पुढच्या त्या काचेवर, बरोब्बर मधोमध, कुंकवाचा मोठा ठसठशीत टिळा. ढब्बूचं कपाळ समजून त्यांनी तो डोळ्यावरच लावला होता.

"इलंस?" बाबा म्हणाले. "बग, तुझ्या ढब्बूची पूजा केलंय." त्यांची मान ताठ होती. इतक्या महिन्यांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ह्या वर्षी माझ्याकडे काय नाय ना पूजेक." वर विमान नव्हतं. हे ते साध्या आवाजात बोलून गेले, मग पाटीलकाकांच्या भिंतीकडे पाहिलं आणि घंटा उचलून वाजवायला लागले.

मी फुलांची पिशवी खाली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती काच होती. आणि अक्षता. ढब्बूच्या पाठीत, मोटारीच्या वर, एक फट होती. तिच्यातून खाली दातेरी चक्रं. त्या फटीच्या कडेला तांदळाचे दाणे होते आणि काही आत गेले असणार. बाबा चहा घ्यायला उठले तेव्हा मी पुढे सरकून हात घातला. "आज नको गे," ते मागून प्रेमाने म्हणाले. "आज त्येचो दिवस. उद्या उचल." मी हात मागे घेतला. काय सांगणार होते मी? बाबा, तुम्ही पूजा केलीत त्याने तो आंधळा झाला?

तो दिवस मला अजून आठवतो तो जेवणावरून. आईने वडे तळले होते, काळ्या वाटाण्याचं सांबार केलं होतं, शेवयांची खीर होती. वडा फुगला की एरवी मी पहिला पळवायचे. त्या दिवशी घास तोंडात फिरत राहिला. पाटावरचा ढब्बू माझ्या ताटासमोरच होता, गळ्यात झेंडूचा हार घालून. बाबा त्याच्याकडे बघून मध्येच स्वतःशी हसायचे आणि आई बाबांकडे बघून. घरात कित्येक दिवसांनी बरं चाललं होतं आणि मला रडू येत होतं. प्रज्ञाला फोन करावा असं दहादा मनात आलं. पण फोन बाबांच्या खिशात, आणि बोलायचं कुठे? एकाच खोलीत तर आम्ही सगळे. "जो लपवेल तो मॅटवर उभा राहणार नाही." सरांचं ते वाक्य दिवसभर डोक्यात घणघणत होतं. प्रज्ञा ही पूजा वगैरे मुळीच मानायची नाही. ती हसेल. ती बाबांना हसेल, आणि मग तिला का म्हणून सांगायचं की घरात दुसरं यंत्रच नव्हतं?

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी फूल वाहिलं, ढब्बूला हलवलं, नमस्कार केला आणि कामावर गेले. मी घाईघाईने ओढणीचं टोक ओलं करून काच पुसली. तिथेच घात झाला. कोरडं कुंकू कदाचित फुंकरीने उडालं असतं, ओलं झालेलं काचेच्या कडेने आत शिरलं. काच गुलाबी झाली. हातात ढब्बू घेऊन मी शाळेचा चढ चढले.

प्रज्ञा विहारातून सरळ आली होती, पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये, धम्मदिनाची खीर डब्यात घेऊन. इरफानच्या नखांत गॅरेजचं काळं होतं. कोपऱ्यात सर चहा पीत बसले होते. ढब्बूला मॅटवर ठेवून बटण दाबलं. उजव्या चाकातून कर्र कर्र आवाज आला. तो रेषेवरून खुरडत चालला, निळा ठोकळा उचलला आणि नेऊन लाल खणात ठेवला. पिवळा उचलला, तोही लाल खणात. इरफानने पांढरा कागद काचेपुढे धरला. स्क्रीनवर आलं, लाल.

"परसों तक तो सही था यार," इरफान म्हणाला.

प्रज्ञाने माझ्याकडे वळून विचारलं, "सायली, घरी काय झालं का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चाक आवळलं फक्त."

माझा आवाज अगदी आईसारखा निघाला, अर्धा. सरांनी कपावरून माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. प्रज्ञा मॅटवर पालथी पडून चाक बघायला लागली, पांढऱ्या ड्रेसची पर्वा न करता. इरफान प्रोग्राममध्ये शिरला. वरपासून खालपर्यंत वाचला, परत वाचला. त्याच्या कपाळावर घाम आला. मला माहीत होतं की त्यात काहीही चूक नाही. गणपतीच्या सुट्टीत गावाला जाणं रद्द केलं होतं त्याने या प्रोग्रामसाठी. "मेरीच गलती असेल," तो शेवटी म्हणाला. "रंगाचं सगळं उडवतो आणि नव्याने लिहितो. दुसरा रास्ता नाही." त्याने ते सगळं निवडलं. ओळीच्या ओळी निळ्या झाल्या. त्याचं बोट पुसायच्या बटणावर गेलं.

"थांब!"

हे मी ओरडले. माझा एवढा मोठा आवाज मीही कधी ऐकला नव्हता. "प्रोग्राम बरोबर आहे! पुसू नकोस! त्याच्या डोळ्यात कुंकू आहे. आणि गिअरमध्ये तांदूळ."

दोघं माझ्याकडे वळले. मग प्रज्ञाला हसू फुटलं. "कुंकू? ढब्बूचं लग्न लावलंस का काय?"

"हसू नकोस!" मी ढब्बूला पोटाशी धरलं. "माझ्या बाबांनी पूजा केली त्याची. खंडेनवमीची. त्यांचा लेथ भंगारात गेलाय. गाळा बंद झाला. ते आता वॉचमन आहेत, कांजूरला. त्यांच्याकडे पूजेला यंत्र नव्हतं, म्हणून याची केली. हसायचं नाही!"

झालं. सांगायचं नव्हतं ते सगळं तोंडातून बाहेर पडलं होतं. आता प्रज्ञा शाळाभर करेल, मग कुणाची तरी आई चाळीत येईल, मग पाटीलकाका. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा प्रज्ञा उठून बसली होती. तिचा चेहरा पडला होता. "सॉरी," ती म्हणाली आणि लगेच तिचा तो नेहमीचा आवाज लागला, "पण पहिलं हेच सांगायचं ना बाई! मी कधीपासून त्या चाकाला शिव्या घालतेय. चल, खोल त्याला. चिमटा कुठाय?"

इरफानने बटणावरचं बोट केव्हाच काढलं होतं. "आमच्या गॅरेजमध्ये पण दसऱ्याला हार चढवतात," तो गंभीरपणे म्हणाला. "अब्बू मेकॅनिक लोकांना पेढे पण देतात. पर वो लोग ना, आधी बोनेट बंद करतात."

पहिलं हसू सरांना आलं. मग मलाच. रडता रडता मी इतकी हसले की मला ठसका लागला. तोवर सरांनी कप खाली ठेवला होता. "चला," ते म्हणाले, "म्हणजे इरफानचं काम शाबूत आहे. सायली, तुला मॅटवर जागा आहे. खोल."

मी ढब्बू खोलला. तांदूळ सुईने एकेक करून काढला. एक दाणा दातांत भरडून पीठ झाला होता, ते ब्रशने झटकलं. काच मात्र पूर्ण साफ होईना. कडेला आत गेलेलं कुंकू निघता निघेना आणि जास्त खरवडलं तर काचच जायची. मग इरफान म्हणाला की आहे त्या गुलाबी काचेतूनच त्याला रंग नव्याने ओळखायला शिकवू. हा तुझा निळा, हा तुझा पिवळा, हा खरा लाल. संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक ठोकळा धरून ढब्बूला शिकवत बसलो, मध्ये प्रज्ञाच्या घरची खीर खात. आज, इतक्या वर्षांनी, माझ्या हाताखाली माणसं आहेत, मोठाली यंत्रं आहेत. बिघाड झाला की घाबरते मी, अजूनही. पण घाबरले की पहिलं ते मोठ्याने सांगते, आणि नव्या पोरांनी पहिल्यांदा तसं सांगितलं की त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसते.

स्पर्धेला प्रत्येकाच्या घरचं एक माणूस हवं होतं. बाबांनी रजा काढली. ढब्बूचा खोका त्यांनी मेट्रोत मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी, कुणाला लागू न देता. कुंकवाचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. कॉलेजच्या हॉलमध्ये मोठमोठ्या शाळांची मुलं एकसारखे टी-शर्ट घालून आलेली. तिथले दिवे आमच्या खोलीपेक्षा प्रखर होते आणि ढब्बू त्यात बावरला. तरी चालला. बहुतेक ठोकळे नीट ठेवले, एक पिवळा मात्र लालमध्ये टाकून आला. दोरीपलीकडे पालक उभे होते. ढब्बूने ठोकळा उचलला की बाबा टाचा वर करायचे.

नंतर परीक्षक प्रत्येक टेबलापाशी येऊन विचारायचे, काय बिघडलं आणि कसं शोधलंत. उत्तर द्यायचं काम प्रज्ञाचं. पण परीक्षक बाईंनी ढब्बू माझ्या हातातूनच घेतला आणि काचेवर बोट ठेवून मलाच विचारलं, "हे गुलाबी काय आहे?"

बाबा दोरीच्या अगदी जवळ उभे होते, ऐकू येईल इतके. प्रज्ञा माझ्या कानाशी लागली. "रंग सांडला म्हणू का? मी सांगते." जिने मला लपवू नको म्हणून दटावलं, तीच आता माझ्यासाठी थाप मारायला तयार होती. तिला हो म्हणणं किती सोपं होतं. बाबांना कधीच कळलं नसतं की त्यांनी काय करून ठेवलं होतं. पण थाप मारायची म्हणजे त्यांनी केलं ते लाजिरवाणं होतं असंच मी म्हणणार. आणि मला त्यांची लाज वाटत नव्हती. भीती वाटत होती, खूप. लाज नाही.

"कुंकू आहे," मी म्हटलं. "माझे बाबा लेथ चालवायचे. दरवर्षी त्याची पूजा करायचे. यंदा तो गाळा बंद झाला, बाबांनी दुसरं काम धरलं, पूजेला यंत्र राहिलं नाही. म्हणून त्यांनी आमच्या रोबोची पूजा केली आणि कुंकू सेन्सरला लागलं. त्याला सगळं लाल दिसायला लागलं. ते मी आधी लपवलं, त्यामुळे इरफान बरोबर असलेला प्रोग्राम पुसायला निघाला होता. सांगितल्यावर आम्ही तो खोलला आणि त्याला रंग नव्याने शिकवले."

बाईंनी लिहायचं थांबवलं. "बाबा आलेत का?" त्यांनी हसून विचारलं, आणि टेबलाभोवतीचे सगळे दोरीकडे वळले. बाबांनी मान खाली घातली. मग ते हळूच एका उंच गृहस्थांच्या मागे सरकले आणि मला दिसेनासे झाले.

आम्हाला काही मिळालं नाही. पण ते मला त्या वेळी नीट ऐकूही आलं नाही. परतीच्या मेट्रोत बाबा दाराकडे तोंड करून उभे होते. खोका त्यांच्याच हातात. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच, की हे आता माझ्याशी पूर्वीसारखे कधी बोलणार नाहीत. घाटकोपर आलं. उतरताना त्यांनी विचारलं, "तांदूळ खंय अडाकलेलो?"

"गिअरात."

"दाते झिजले?"

"नाय, बाबा."

"बरा," ते म्हणाले आणि खोका सावरत पुढे चालू लागले. चढावर मी त्यांच्या मागे मागे चालत होते. सॉरी म्हणावं असं वाटत होतं आणि कशाबद्दल म्हणावं ते कळत नव्हतं.

चाळीत पाटीलकाका नेहमीसारखे गॅलरीत स्टूल टाकून बसले होते. "काय, आज सुट्टी?" ते म्हणाले. "साकीनाका बंद का काय?"

माझे पाय पायरीवरच थबकले. बाबांनी खोका अगदी सांभाळून खाली ठेवला. कंबर सरळ केली.

"साकीनाका कधीच बंद झाला, पाटील," ते म्हणाले. "लेथ भंगारात गेला. मी कांजूरला वॉचमन आहे, टॉवरवर."

आत आईच्या भाकरीचा आवाज थांबला. काकांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाबांकडे. "असं होय," ते म्हणाले. "ड्युटी दिवसाची का रात्रीची?"

"दिवसाची."

"मग ठीक आहे. रात्रीची नको, पाय सुजतात. आमच्या मेव्हण्याचे सुजतात." त्यांनी स्टुलावरून वाकून खोक्याकडे पाहिलं. "आणि हे काय आणलंय?"

"पोरीचं यंत्र," बाबा म्हणाले, सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मी पूजा केली त्याची आणि वाट लावली. कुंकू लावलं त्याच्या डोळ्यात! पोरीने मोठ्या लोकांसमोर खरं ते सांगितलं. घाबरली नाही."

घाबरले नव्हते? मला काही तरी बोलायचं होतं, पण हुंदकाच फुटला. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले. पाटीलकाका बिचारे घाबरून उठले. "अगं, काय झालं? हरलात का?"

हरलो तर होतोच. मी हो म्हटलं आणि पोटभर रडून घेतलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.